जिना कुठे गेला?

संपादक महोदय,

शहरांच्या मध्यभागातल्या जुन्या व्यापारी इमारती ठेवाव्यात की पाडाव्यात, यावर आपल्या सदरात दोन्ही बाजूंची पत्रे वाचली. एकाला कमानी आणि नक्षीदार कठडे जपायचे आहेत. दुसऱ्याला उद्या कुणाच्या डोक्यात वीट पडली तर जबाबदार कोण, ही काळजी आहे. दोघांचेही खोटे नाही, पण दोघेही रस्त्यावर उभे राहून, मान वर करून लिहीत आहेत. मी निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे. अशा इमारतींच्या माळ्यांवर टॉर्च घेऊन रांगण्यात माझ्या नोकरीचा मोठा काळ गेला, त्यामुळे हे पत्र माळ्यावरून आले आहे असे समजावे.

बाजारपेठेतली जुनी इमारत वयामुळे पडते असे मला सहसा दिसले नाही. आधी तिचा वरचा मजला रिकामा पडतो. मग छप्पर गळू लागते आणि ते कुणाला कळत नाही. पुढे कधीतरी खालच्या दुकानात पोपडे पडायला लागले की सगळे मिळून बांधकामाच्या सालाकडे बोट दाखवतात. खाली दुकान जोरात चालू असते, दिव्यांचा लखलखाट असतो, आणि बारा-चौदा फुटांवर डोक्यावरचा मजला कुलपात कुजत असतो.

हे मजले रिकामे का पडले? या इमारती बांधल्या गेल्या तेव्हा खाली दुकान, त्यावर कचेरी आणि त्याही वर माल किंवा बिऱ्हाड अशी मांडणी जगातल्या बहुतेक बाजारपेठांत होती. न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर हॉवआउट यांच्या पाच मजली दुकानाच्या इमारतीत १८५७ साली ओटिस यांनी माणसांना वर नेणारी लिफ्ट बसवली. कोणत्याही व्यापारी इमारतीतली ती पहिली यशस्वी लिफ्ट मानली जाते. ओतीव लोखंडाच्या दर्शनी भागाची ती इमारत आजही उभी आहे. पण त्या लिफ्टने पुढे जे घडवले ते बाकीच्या इमारतींना मानवले नाही. उंच उंच कचेऱ्या बांधता येऊ लागल्या, आणि जिथे लिफ्ट बसली नाही तिथले दुसरे-तिसरे मजले भाडेकरूंना नकोसे झाले. माल शहराबाहेरच्या गोदामांत गेला, बिऱ्हाडे उपनगरांत गेली. मालकाला तळमजल्याचे भाडे पुरत होते, म्हणून वर कुलूप लागले.

त्यानंतर जिना गेला. वारसा इमारतींच्या कुठल्याही यादीत ही गोष्ट नोंदवलेली मी पाहिली नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. या इमारतींना रस्त्यावरून थेट वर जाणारा एक अरुंद दरवाजा असतो. त्यामागे जिना असतो. दर्शनी रुंदीतले तीन-चार फूट तो अडवतो. वरचा मजला रिकामाच आहे म्हटल्यावर दुकानदाराला ते तीन-चार फूट डोळ्यांत खुपू लागतात. एका सुट्टीच्या दिवशी जिना पाडला जातो आणि तिथे काच येते. पुढे कुणी वरची जागा भाड्याने मागितलीच, तर त्याने वर जायचे कुठून? ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीस दुकानांवरचे रिकामे मजले पुन्हा राहते करण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा तिच्या कार्यकर्त्यांना हेच अडथळे लागले. एक तर वाट नाही. दुसरे म्हणजे भाडेकरार सबंध इमारतीचा असल्याने वरच्या मजल्याचे काय होते याच्याशी दुकानाला देणेघेणे नाही, आणि मालकालाही नाही.

एका तीन मजली इमारतीची तपासणी मला चांगली आठवते. शहर आणि मालक दोन्ही सांगत नाही, कारण अशा इमारती कुठेही सापडतील. खाली दुकान होते आणि त्याचे फॉल्स सीलिंग नवेकोरे होते. एका कोपऱ्यात मात्र पिवळा डाग होता. तिथली चौकट दर पावसाळ्यानंतर बदलतो, असे दुकानदाराने अगदी सहज सांगितले. इमारतीला धोकादायक ठरवणारा अहवाल आधीच आला होता, मला दुसरे मत देण्यासाठी बोलावले होते. जिना नव्हता. शेजारच्या गच्चीवरून शिडी टाकून, खिडकीची फळी काढून आम्ही आत शिरलो. मधल्या खोलीत, बरोबर त्या पिवळ्या डागाच्या वर, कुणीतरी गळतीखाली लोखंडी पिंप ठेवले होते. पिंप भरले असणार, वाहिले असणार, आणि कधीतरी त्याचे बूडच गंजून गेले होते. उरले होते फक्त कडे. कड्याच्या आतल्या फळ्या काळ्या पडून लगदा झाल्या होत्या आणि त्यांच्याखालून जाणाऱ्या तुळईचे भिंतीतले टोक मऊ झाले होते. मी टोचा दाबला तर तो मुठीपर्यंत आत गेला. तिथून पाच-सहा फुटांवर तीच तुळई हातोडीने वाजवली तर आवाज खणखणीत आला. वर छपरावर पन्हळीचे तोंड पानांनी आणि कबुतरांच्या घरट्याने बंद झाले होते.

म्हणजे दोष होता पन्हळीत. रोग एका तुळईच्या टोकाला होता आणि शिक्षा सबंध इमारतीला झाली होती. पहिल्या अहवालात पन्हळीचा शब्दही नव्हता, कारण तो लिहिणारे वर गेलेच नव्हते. लाकडात ओलाव्याचे प्रमाण साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिले तर कुजवणारी बुरशी त्यात वाढत नाही. छप्पर धड असले आणि खिडकीतून वारा खेळत राहिला, तर शंभर-दीडशे वर्षांची तुळईही आपले काम मुकाट्याने करत राहते. कुजलेले टोक तेवढे कापून पोलादी पट्ट्यांनी नवे लाकूड जोडता येते. यात नवलाचे काही नाही, ज्या सुताराने असे काम केले आहे त्याला विचारावे.

दुसरा शत्रू मात्र आपण आपल्या हाताने, पैसे खर्चून आणतो. तो म्हणजे सिमेंट. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ साली घेतले, पण बांधकामातून चुन्याला हटवायला सिमेंटला पुढे बराच काळ लागला. जुन्या बाजारपेठांमधल्या पुष्कळ विटांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुना विटेपेक्षा मऊ असतो. भिंत किंचित हलली तर तो सोसतो, आणि आतली ओल सांध्यांतून हळूहळू बाहेर जाऊ देतो. बारीक भेगा तर तो स्वतःच बुजवतो, कारण पाण्यात विरघळलेला चुना भेगेत जाऊन पुन्हा घट्ट होतो. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ती रेनकोट घालून धावणाऱ्या माणसासारखी आतून भिजते. ओल वर चढते, लोणा लागतो, क्षारांचे स्फटिक विटेच्या पृष्ठभागामागे फुगतात आणि विटेचे तोंड पापुद्र्यासारखे सुटते. सांध्यांत सिमेंट भरले तर आणखी वाईट, कारण मग सांधा विटेपेक्षा कठीण होतो आणि कडा विटेच्या फुटतात. मग मालक म्हणतो, ‘बघा, भिंतीत दमच उरला नाही.’ त्या भिंतीचा दम गिलाव्याने काढलेला असतो.

लोखंडाचे तेच. पोलादी तुळयांच्या मध्ये विटांच्या बुटक्या कमानी, अशा छताच्या कितीतरी इमारती आहेत. गंजलेले लोखंड मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापते. एका बाजूने पाणी झिरपत राहिले की तुळईची खालची पट्टी फुगते, खालचा गिलावा फुटतो आणि कमानीच्या पायथ्याच्या विटा सुटू लागतात. खालून पाहणाऱ्याला सगळे छत कोसळते आहे असे वाटते. प्रत्यक्षात मूळ एका मोरीत सापडते, तीही वरच्या, कुलूप लावलेल्या मजल्यावरच्या.

आता नियमांकडे येतो. वरचा मजला पुन्हा वापरात आणायचे मालकाने मनावर घेतले, तरी नियमच त्याला मागे ओढतात. बऱ्याच ठिकाणी रीत अशी होती की दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या किमतीच्या अर्ध्याहून जास्त झाला, की सबंध इमारत नव्या बांधकामाच्या नियमांत बसवायची. जिन्याची रुंदी, पायरीची उंची, दुसरा जिना, सगळेच. पंधरा-वीस फूट रुंदीच्या इमारतीत दुसरा जिना घातल्यावर उरते काय? अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने १९९८ साली या गुंत्यावर वेगळी नियमावली आणली. जेवढे काम तेवढे नियम, हे तिचे सूत्र. नुसती दुरुस्ती असेल तर वेगळे, फेरबदल असतील तर वेगळे, पूर्ण पुनर्रचना असेल तर आणखी वेगळे. सुरक्षिततेत सूट नाही, पण खिडकी बदलणाऱ्याला जिना रुंद करायला लावायचे नाही. माझ्या मते वारसा जपण्याच्या कामात असल्या रटाळ नियमावल्यांनी जेवढे काम केले तेवढे भाषणांनी केलेले नाही.

वरचे मजले आधी वापरात आले आणि इमारती मागाहून वाचल्या, याचे ठळक उदाहरण न्यू यॉर्कचाच सोहो हा भाग. ओतीव लोखंडाच्या दर्शनी भागांच्या तिथल्या इमारतींतून कारखाने निघून गेले आणि मोठमोठे मजले ओस पडले. आगी इतक्या लागत की अग्निशमन दलात त्या भागाला नरकाचे शंभर एकर म्हणत. त्या भागातून द्रुतगती मार्ग काढायचा बेत अनेक वर्षे डोक्यावर टांगलेला होता, तो १९६९ साली कायमचा बारगळला. दरम्यान चित्रकार आणि शिल्पकार त्या मजल्यांवर शिरले होते. उंच छत, मोठ्या खिडक्या, कमी भाडे, आणि राहायला परवानगी नाही. शेवटी प्रशासनाशी तडजोड झाली आणि कलावंत कोणत्या मजल्यावर राहतो याची पाटी इमारतीबाहेर लावायची ठरले, आग लागली तर जवानांना कळावे म्हणून. १९७१ मध्ये त्यांचे राहणे नियमांत बसवले गेले, १९७३ मध्ये त्या भागाला ऐतिहासिक दर्जा मिळाला. हा क्रम लक्षात घ्यावा. दर्जा आला तेव्हा वर माणसे आधीच राहत होती, कुठे गळते हे त्यांना ठाऊक होते. पुढे भाडी एवढी चढली की त्या कलावंतांतल्या बऱ्याच जणांना तिथे राहणे परवडेना, हेही खरे आहे आणि ते मला बोचते. पण त्याचा दोष इमारतींकडे जात नाही.

उलट क्रमाचे उदाहरण मलेशियातल्या जॉर्ज टाउनचे. तिथल्या जुन्या दुकान-घरांना भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण होते. खाली धंदा, वर कुटुंब. तो कायदा २००० सालच्या सुरुवातीला उठला, भाडी वाढली आणि पुष्कळ कुटुंबे बाहेर पडली. रिकाम्या वरच्या मजल्यांपैकी काहींत मालकांनी पाकोळ्या पाळायला सुरुवात केली, कारण त्यांच्या खाण्याजोग्या घरट्यांना मोठी किंमत मिळते. त्या पक्ष्यांना अंधार आणि दमट हवा लागते. म्हणून खिडक्या बुजवल्या गेल्या आणि आत मुद्दाम ओलावा ठेवला गेला. चुन्याच्या भिंती आणि लाकडी तुळया यांच्यासाठी यापेक्षा वाईट काही योजायचे म्हटले तरी मला सुचणार नाही. २००८ मध्ये शहराचा जुना भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला आणि पुढे प्रशासनाला हे पक्षीपालन तिथून हटवायला लावावे लागले. माझे काही सहकारी भाडेनियंत्रण हाच सगळ्या दुरवस्थेचा बाप मानतात. भाडे गोठले की दुरुस्ती गोठते, हे मीही पाहिले आहे. पण एका झटक्यात कायदा उठवला की इमारत सुधारतेच असे नाही, कधी तिथे पाखरे येतात.

दर्शनी भागापुरता वारसा, या कल्पनेचा मला सर्वांत जास्त राग आहे. पुढची भिंत ठेवायची, मागे सगळे पोखरून काँक्रीटचा नवा सांगाडा उभा करायचा आणि उद्घाटनाला वारसा वाचवल्याची भाषणे करायची. सिंगापूरने १९८९ साली जुन्या पेठांना संरक्षण दिले तेव्हा ही पळवाट ठेवली नाही. तिथल्या ऐतिहासिक भागांत छप्पर, दोन घरांमधली सामाईक भिंत, आतला उजेडाचा चौक हे सगळे इमारतीचा भाग म्हणून राखावे लागते. चौक बुजवला की मधल्या खोल्यांत उजेड आणि वारा जात नाही. मग त्या खोल्यांना भाडेकरू मिळत नाही, आणि पुढचे वर लिहिलेच आहे.

अमेरिकेतल्या छोट्या शहरांनी तर दुसऱ्या महायुद्धानंतर दर्शनी भागच झाकून टाकले होते. शहराबाहेरच्या नव्या मॉलसारखे दिसायचे म्हणून जुन्या विटकामावर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकले. पत्रा सपाट बसावा म्हणून कंगण्या, म्हणजे भिंतीबाहेर पुढे आलेल्या आडव्या पट्ट्या, छाटल्या, खिडक्या पत्र्यामागे गेल्या आणि वरच्या मजल्यांचा उरलासुरला उजेडही संपला. १९७७ मध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या वारसा संस्थेने गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन गावांत प्रयोग सुरू केला. तो पुढे मेन स्ट्रीट नावाने देशभर पसरला. पत्रे काढणे आणि विटा धुणे हा त्यातला एक भाग झाला. दुकानदारांची संघटना बांधणे, पेठेची जाहिरात करणे आणि रिकाम्या जागांना नवे उद्योग शोधणे यांना त्यांनी तेवढेच महत्त्व दिले. त्या देशात अशा कामाला सरकार करात सवलतही देते. १९८६ पासून मान्यताप्राप्त ऐतिहासिक इमारतीच्या पुनर्वसनखर्चाच्या २० टक्के इतकी, आणि तीही इमारत उत्पन्नासाठी वापरात असेल तरच. मला ही अट फार आवडते. कुलूप लावून ठेवलेल्या इमारतीला सवलत नाही.

राहिला धोक्याचा प्रश्न, आणि तो टाळून चालणार नाही. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला २२ फेब्रुवारी २०११ रोजी भूकंप झाला आणि १८५ माणसे गेली. मध्यवर्ती पेठेत विटांच्या जुन्या दर्शनी भिंती पदपथांवर आणि बसवर कोसळल्या, त्यांत माणसे मेली. जुन्या इमारतींचे प्रेमी हे सांगत नाहीत. त्यांचे विरोधक दुसरी गोष्ट सांगत नाहीत, की १८५ पैकी ११५ जण १९८०च्या दशकात बांधलेल्या एका काँक्रीटच्या कार्यालयी इमारतीत गेले. विटांची भिंत बाहेरच्या बाजूला का पडते? बऱ्याचदा ती मजल्यांना आणि छपराला नीट बांधलेली नसते आणि गच्चीचा कठडा मोकळाच उभा असतो, म्हणून. लॉस एंजेलिसने १९४९ मध्ये असे कठडे आणि कंगण्या एकतर बांधून घ्या नाहीतर उतरवा, असा नियम केला. १९८१ मध्ये विटांच्या सबंध जुन्या इमारतींना मजबुतीकरण सक्तीचे केले. मजल्याच्या तुळईला एक पोलादी दांडा जोडायचा, तो भिंतीतून बाहेर काढायचा आणि बाहेरून लोखंडी चकती लावून आवळायचा. काही जुन्या इमारतींवर मजल्यांच्या रेषेत अशा चकत्या ओळीने दिसतात, लोक त्यांना नक्षी समजतात. हे सगळे काम वरच्या मजल्यांवरून आणि माळ्यावरून करायचे असते. जिना नसेल तर तेही अडते.

प्रत्येक जुनी इमारत वाचवा असे मी म्हणत नाही. पाया खचलेल्या, मधल्या भिंती काढून टाकून पोकळ केलेल्या काही इमारती पाडा, असे मी स्वतः लिहून दिले आहे. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ठेवली आणि ती पुन्हा पुन्हा तडकत गेली, तर ती इमारत अजून सरकते आहे. तिथे भावनेला जागा नाही.

पण पाडण्याचा अहवाल हाती आला की मालकाने, भाडेकरूने आणि मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यानेही तो शेवटच्या पानावरच्या शेऱ्यापासून वाचू नये. तपासणारा माळ्यावर गेला होता का, आणि गेला असेल तर कुठून? छपराचे, पन्हळीचे, तुळयांच्या भिंतीतल्या टोकांचे फोटो आहेत का? ओलाव्याचे आकडे कोणत्या ठिकाणी घेतले ते नकाशावर दाखवले आहे का? भेगांवर काचपट्ट्या लावल्या होत्या का, आणि किती दिवस? भिंत चुन्यातली की सिमेंटातली, याचा उल्लेख तरी आहे का? फक्त रस्त्यावरून काढलेले चार फोटो आणि ‘इमारत जुनी असल्याने’ असे सुरू होणारे वाक्य असेल, तर तो अहवाल स्वीकारू नये, परत पाठवावा आणि शिडी घेऊन पुन्हा यायला सांगावे.

आपला,
एक निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनीअर